शनिवारचं झाकलेलं ताट

मेसची वेळ झाली हे मला घड्याळाआधी कानाला कळायचं. स्टीलच्या थाळ्यांची चळत कुणीतरी दगडी ओट्यावर दाणकन आदळायचं, पाठोपाठ चमच्यांनी भरलेलं घमेलं यायचं, आणि मग खिडकीपलीकडून स्वयंपाकी पानसिंगजींचा खणखणीत आवाज, “आ जाओ बिटिया लोग, गरम है!” गरम असायचं ते एवढंच, की हात भाजेल. बाकी दाल पाण्यासारखी, घिया, म्हणजे दुधी, रोजचाच, आणि टिंडे नावाची एक भाजी, जिची चव मी चार वर्षं खाऊनही कुणाला सांगू शकणार नाही. लांबलचक टेबलांवर कुठल्या ना कुठल्या पक्षाचे पर्चे पसरलेले असायचे. क्रांतीचं आवाहन आम्ही थाळीखाली घ्यायचो आणि जेवण झालं की त्यालाच हात पुसायचो. बंगाली मुली माशांच्या आठवणी काढत भात चिवडायच्या, मद्रासकडच्या मुली दह्याची वाट बघत बसायच्या, आणि पंजाबी मुली सगळ्यांना हसत तिसरा, चौथा फुलका मागायच्या. आज माझ्या सुनेच्या स्वयंपाकघरात काही वाजत नाही, सगळं कसं अलगद उघडतं आणि मिटतं. मला मात्र अजून थाळी आपटल्याशिवाय भूक लागल्यासारखी वाटत नाही.

आमचं घर गाझियाबादला. बाबा तिथल्या एका कारखान्यात फोरमन होते आणि आई दिल्लीत, कस्तुरबा गांधी मार्गाजवळच्या एका सरकारी कचेरीत यूडीसी, म्हणजे वरच्या श्रेणीची कारकून. पहाटे साडेचारला स्टोव्हचा फरफर आवाज सुरू व्हायचा. बाबांचा डबा, आईचा डबा, मग आंघोळ, मग सातची गाडी. घरापासून युनिव्हर्सिटीला यायचं म्हणजे एक रेल्वे, दोन बस आणि शेवटी मुनिरक्यापासून पायपीट, म्हणून मी होस्टेलवर राहिले. पहिल्याच महिन्यात घरी जाऊन मी मेसच्या नावाने इतकी रडले, की आईने ठरवून टाकलं, शनिवारी तिचं ऑफिस अर्धा दिवस असायचं, तर सुटल्यावर थेट माझ्याकडे यायचं आणि डबा द्यायचा. तेव्हापासून दर शनिवारी अडीचच्या सुमाराला आई होस्टेलच्या फाटकातून आत यायची. आल्या आल्या मेसच्या जगमधलं दोन ग्लास पाणी घटाघट प्यायची, आणि मग पिशवीतून दोन पुडांचा डबा काढायची. तीन पोळ्या, मेथीची नाहीतर बटाट्याची कोरडी भाजी, लसणाची चटणी, एक छोटा चमचा आणि घडी केलेला नॅपकिन. “तू पण घे ना,” मी तोंडात घास ठेवून म्हणायचे. “माझं झालं ऑफिसात,” ती म्हणायची. मी एक वाजता मेसमध्ये जेवलेलीच असायचे, तरी तो डबा पुसून खायचे. माझी आई, माझा डबा.

विमल येईपर्यंत होस्टेलमधली मराठी म्हणजे मी. कुणाला शिवाजी महाराजांबद्दल विचारायचं असो की श्रीखंडाबद्दल, माझ्याकडे यायच्या. मीही ऐटीत उत्तरं द्यायचे, अर्धी आईकडून ऐकलेली आणि अर्धी त्या क्षणी सुचलेली. महाराष्ट्र मी पाहिला होता तो उन्हाळ्याच्या सुटीत, मावशीच्या पुण्याच्या फ्लॅटपुरता. पण दिल्लीत कोण तपासायला येतंय? त्या लहानशा गादीवर मी खुशाल बसले होते.

दुसऱ्या वर्षी विमल जगदाळे आली. वडील फौजेत सुभेदार, मूळचे साताऱ्याकडचे. मॅट्रिकपर्यंत ती गावात आईजवळ होती, मग वडिलांबरोबर इथल्या छावणीत. त्यांची बदली सरहद्दीकडे झाली तशी ती होस्टेलवर आली. सावळी, उंच, दोन घट्ट वेण्या. पहिल्याच दिवशी तिने मेसची दाल तोंडात घातली, थांबली, थाळी तशीच उचलून खिडकीशी गेली आणि म्हणाली, “भैयाजी, इसमें लसूण कहाँ है?” आम्ही सगळ्या हसलो. पानसिंगजी हसले नाहीत. त्यांनी तिला आत घेतलं. आत जायला मेस कमिटीच्या सेक्रेटरीलासुद्धा विचारावं लागायचं, आणि ही कालची आलेली मुलगी चुलीपाशी उभी राहून लसूण ठेचत होती. त्या रात्री दाल दोनदा संपली. पुढच्या आठवड्यापासून मंगळवारच्या दालीला सगळा हॉल “विमलवाली दाल” म्हणायला लागला. मीही दोन वाट्या घेतल्या आणि टेबलावर म्हटलं, “जरा तिखट आहे, नाही?” कुणी लक्ष दिलं नाही.

मग फुलक्यांचं. पानसिंगजी पहिल्या वर्षी मला बघून एखादा टम्म फुगलेला फुलका बाजूला काढायचे. माझं आणि त्यांचं काही नातं नव्हतं, पण दीडशे मुलींत आपल्याला कुणीतरी ओळखतं, एवढंच. आता तो फुलका विमलच्या थाळीत पडायला लागला. ती कांदा हाताने फोडायची, टेबलावर ठेवून एक बुक्की. पंजाबी मुली टाळ्या पिटायच्या, “वाह विमल!” मी खोलीवर जाऊन एकदा एकटीने तसा कांदा फोडायचा प्रयत्न केला. कांदा पलंगाखाली गेला आणि माझा हात दोन दिवस दुखला. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नव्हतं.

खरं म्हणजे विमल माझ्याशी चांगली होती. तेच मला जास्त झोंबायचं. एकदा मेसमध्ये तोरीची भाजी आली तेव्हा मी नाक मुरडून म्हटलं, “आज फिर तोरी.” ती हसून म्हणाली, “अगं, दोडका म्हण की! तुमच्याकडं काय म्हणत्यात?” आमच्याकडे तोरीच म्हणायचे. मंडीतला भाजीवाला तोरी म्हणायचा, म्हणून आम्हीही. पण हे तिला सांगायला माझी जीभ रेटेना. दुसऱ्याच शनिवारी आई आली, विमल भेटली, आणि दोघी भाज्यांवरच घसरल्या. घोसाळं, चाकवत, चंदनबटवा, करडई. आईचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. “किती वर्षांनी गं ऐकला हा शब्द,” ती म्हणाली, आणि विमलच्या पाठीवरून हात फिरवला. मी मध्ये बसून डबा खात होते. आईने घरात हे शब्द का वापरले नाहीत, आणि वापरले असले तर मी ते कुठे हरवले, हा विचार तेव्हा मनात आला नाही. एवढंच आलं, की माझी आई दुसऱ्या मुलीशी अशा भाषेत बोलतेय, जी तिने माझ्यासाठी कधी काढली नाही. 

आता लेट प्लेटबद्दल सांगितलं पाहिजे. मेसची खिडकी दोन वाजता बंद व्हायची. ज्यांचा तास किंवा प्रॅक्टिकल लांबणार, त्यांनी बाराच्या आत दाराजवळच्या काळ्या फळ्यावर खडूने नाव लिहायचं. तेही देवनागरीत, कारण पानसिंगजींना तेवढंच वाचता यायचं. दोन वाजता ते एकेक नाव बोट ठेवून वाचायचे, तेवढी ताटं वाढायचे, प्रत्येकावर दुसरी थाळी उपडी घालायचे आणि आतल्या फळीवर ओळीने मांडून ठेवायचे. नाव नाही तर ताट नाही. पाहुण्यांना लेट प्लेट मिळायची नाही, आणि एका मुलीला दोन ताटं कधीच नाहीत. याबाबतीत कमिटीही कडक होती आणि पानसिंगजीही. विमल सायन्सला, तिचं शनिवारचं प्रॅक्टिकल सव्वादोनला संपायचं. त्यामुळे शनिवारी फळ्यावर तिचं नाव ठरलेलं. ठसठशीत, शाळेतल्या मुलांसारखं अक्षर, खाली रेघ मारलेली.

त्या हिवाळ्यात मला एक मोठा पेपर लिहायचा होता आणि लागणारं पुस्तक लायब्ररीबाहेर देत नसत. म्हणून मी आईला सांगून टाकलं, “मी तीनपर्यंत येईन, तू बस तोवर.” पहिल्या शनिवारी तीनला आले तर मेसच्या व्हरांड्यात, उन्हात, आई आणि विमल बाकावर. मध्ये एक रिकामी थाळी, लख्ख पुसलेली. माझा डबा आईच्या पिशवीत तसाच. दोघी कशावरून तरी हसत होत्या आणि मला बघून गप्प झाल्या. दुसऱ्या शनिवारी तेच. थाळी, हसणं, गप्प होणं. मी समजले ते असं, की विमल आरामात आपलं लेट ताट जेवते आणि माझी आई तिला सोबत करत बसते. एखाद्या लेकीला जेवताना सोबत करावी तशी. तिसऱ्या शनिवारी मी आले तेव्हा आई विमलच्या पाठीला लोकर लावून माप बघत होती. मरून रंगाच्या स्वेटरची पाठ अर्धी झालेली. हिवाळ्यात आईच्या ऑफिसातल्या बायका लंच टाइममध्ये लॉनवर उन्हात बसून विणायच्या. तिथेच तिने माझा निळा स्वेटर विणला होता, तो मी त्या वेळी अंगात घातलेला होता. “विमलला थंडी फार वाजते,” आई मला म्हणाली, जसं काही मी विचारलंच होतं. मी म्हटलं, “अच्छा.” आणि डबा उघडला. चटणी नेहमीसारखीच होती पण मला गोड लागेना.

तो आठवडा मी कसा काढला ते मला अजून आठवतं. विमल मला “चल की जेवायला” म्हणून हाक मारायची आणि मी “तू जा” म्हणायचे. रात्री कूस बदलताना मला मरून लोकर दिसायची. मी एकुलती एक होते, आणि वीस वर्षांत मला कधी कुणाशी काही वाटून घ्यावं लागलं नव्हतं. म्हणून असेल, पण मला सरळ असं वाटत होतं की ही मुलगी माझी आई खाऊन टाकतेय. आज लिहिताना हसू येतं. तेव्हा आलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी मी लायब्ररीत गेलेच नाही. एक वाजता पोटभर जेवून घेतलं. पण त्याआधी, बाराला दहा मिनिटं कमी असताना, मी फळ्यापाशी उभी होते. फळ्यावर चार नावं होती आणि तिसरं विमलचं. माझा हिशोब अगदी साधा होता. ताट नसलं की ती भुकेली, चिडून मुनिरक्याला ढाब्यावर जाईल. जायला, खायला, यायला तासभर तरी मोडेल. तोवर आई माझी एकटीची. हॉलमध्ये कुणी नव्हतं, आत परातीत कणीक तिंबण्याचा धप धप आवाज येत होता. मी बाही तळव्यावर ओढली आणि नाव पुसून टाकलं. खालची रेघ नीट पुसली जाईना, ती दोनदा घासावी लागली.

अडीचला आई आली. मी फाटकापर्यंत सामोरी गेले, तिची पिशवी घेतली, तिला बाकावर बसवलं. “आज लायब्ररी नाही?” “नाही. म्हटलं, तुझ्याशी गप्पा माराव्या.” तिला इतका आनंद झाला, की मला माझ्या युक्तीचा अभिमानच वाटला. ती पाणी प्यायली, दोन ग्लास. मी डबा उघडला आणि जेवायला लागले. भूक अजिबात नव्हती, पण एकेक घास मी असा खाल्ला जसं काही जिंकून आणलं होतं. आई माझ्याकडे बघत होती आणि मध्ये मध्ये तिची नजर फाटकाकडे जात होती. ते मला दिसलं आणि मी आणखी मोठा घास घेतला. तिसरी पोळी संपवून मी बोटं चाटत होते, तेवढ्यात विमल धावत धावत आली, खांद्याला बॅग, हाताला अजून प्रयोगशाळेचा वास.

“काकू, उशीर झाला हो! सरांनी सोडलंच न्हाई. चला, आधी जेवून घ्या,” ती म्हणाली आणि सरळ खिडकीशी गेली.

मला वाटलं, मी काहीतरी चुकीचं ऐकलं.

“पानसिंगजी, मेरी प्लेट?”

“आज तुम्हारा नाम कहाँ था, बिटिया? तीन नाम थे, तीन रखीं। तीनों ले गईं।”

“मैंने सुबह खुद लिखा था!” ती फळ्याकडे वळली. नावं अजून तशीच होती, संध्याकाळीच ती पुसत. तिसऱ्या जागी मोठा पांढरा डाग. “हे बघा, पुसलं गेलंय. कुणाची तरी बाही घासली असंल जाता जाता.” तिच्या आवाजात संशयाचं नावही नव्हतं. मग तिचे डोळे बाकावरच्या रिकाम्या डब्यावर गेले आणि ती एकदम माझ्यावर उखडली. “आणि तू सगळा डबा खाल्लास? काकूंना एक पोळी तरी ठेवायची!”

“विमल,” आई म्हणाली. “तिला कशाला?”

“का न्हाई? किती दिवस लपवायचं काकू? अगं शैला, तो त्यांचाच डबा असतोय. दुपारचा. सकाळी साडेसहाला चहावर निघालेल्या बाई, तुला डबा देत्यात आणि उपाशी गाझियाबादला जात्यात. तू कधी बघितलं न्हाईस, त्यात चमचा असतो, नॅपकिन असतो? लेकीला डबा देताना कोण नॅपकिन देतं? मला दिसलं, मी विचारलं, तर म्हणाल्या, तिला सांगू नको, ती खायची बंद होईल. म्हणून मी माझी प्लेट त्यांना देते शनिवारी. मला काय, सकाळचे चार पराठे हाणलेले असतात.”

माझ्या तोंडात लसणाची चव होती आणि पोट इतकं भरलं होतं की श्वास घेता येईना. दीड वर्ष. दर शनिवारी. “माझं झालं ऑफिसात.” ते घटाघट प्यायलेलं पाणी. तीन दिवसांपूर्वी आलेल्या माणसालाही दिसलं असतं ते मला, तिच्या पोटच्या पोरीला, दिसलं नव्हतं. मला लाज वाटली, फार वाटली. पण खरं लिहायचं ठरवलंय तर हेही लिहिते, की लाजेच्या आधी, अगदी क्षणभर, मला पुन्हा हेवा वाटला. आईने हे गुपित तिला दिलं होतं.

आतून पानसिंगजी आले. नोकरमाणसं सगळ्यांच्या शेवटी जेवायची, त्यांनी आपली थाळी नुकतीच वाढून घेतलेली असावी. जाडजूड दोन रोट्या, दाल, आलूची भाजी. ती त्यांनी आईपुढे ठेवली. “बहनजी, नियम प्लेट का है। ये तो मेरी अपनी है,” ते म्हणाले. आईने खूप नको नको केलं. विमलने एक कांदा बाकावर ठेवून बुक्की मारली आणि पाकळ्या थाळीत टाकल्या. मग आई जेवली. मी तिला त्या दिवसापर्यंत भुकेने जेवताना पाहिलंच नव्हतं. घरी ती सगळ्यांच्या शेवटी, उभ्याने, काहीतरी उरकून टाकायची. इथे ती मान खाली घालून, घास मोठे करून, न बोलता जेवत होती. मधेच तिने हात थांबवला आणि माझ्याकडे पाहिलं.

माझ्याकडे नव्हे, माझ्या हाताकडे. निळ्या स्वेटरच्या उजव्या बाहीवर, मनगटापासून वर चार बोटं, खडूचा पांढरा पट्टा होता. लोकरीत गेलेला खडू झटकून जात नाही. दिवसभर मी तो मिरवत होते आणि मला पत्ता नव्हता. आईने फळ्याकडे पाहिलं, पुन्हा बाहीकडे पाहिलं. विमल पाणी आणायला गेली होती. आईने डाव्या हाताने पदराचं टोक धरलं, माझा हात ओढून मांडीवर घेतला आणि बाही घासायला लागली. हळू नाही, जरा जोरातच. लोकर अंगाला टोचत होती. पट्टा फिका झाला, अगदी नाहीसा झाला नाही. विमलची पावलं वाजली तशी तिने माझी बाही दुमडून वर केली आणि पुन्हा जेवायला लागली.

याबद्दल आई मला त्या दिवशी काही बोलली नाही आणि नंतर जन्मात कधी बोलली नाही. विमललाही तिने सांगितलं नाही. मरून स्वेटर जानेवारीत पुरा झाला आणि विमलने तो पुढे कितीतरी वर्षं घातला. विमल आता कराडला असते, गुडघ्यांच्या ऑपरेशनबद्दल आम्ही फोनवर तासतास बोलतो. हे प्रकरण ती वाचेल तेव्हा तिला कळेल. कळू दे.

एक गोष्ट मात्र राहिली. पुढच्या शनिवारी मी सकाळी आठला, नाश्त्याच्याही आधी, फळ्यापाशी गेले. ठरवलं होतं, एकची खिडकी सोडायची, लेट प्लेटला माझं नाव लिहायचं आणि ते ताट आईला द्यायचं. माझं ताट, माझ्या आईला. फळा धुऊन काळाभोर झाला होता आणि त्यावर पहिलंच नाव होतं, ठसठशीत, खाली रेघ मारलेलं. माझ्याही आधी ती येऊन गेली होती. मी खडू हातात घेऊन बराच वेळ उभी राहिले. मग तिच्या नावाखाली माझं लिहिलं. अडीचला पानसिंगजींनी दोन झाकलेली ताटं आणून बाकावर ठेवली आणि आम्ही दोघींनी एकदमच झाकणं उचलली. आईने दोन्ही ताटांतलं खाल्लं. पण आधी विमलच्या ताटातलं.